वंगण

आमच्या धर्मगुरुनिवासाच्या पडवीत एक जुनी स्कूटर उभी असते. तिचा मूळचा निळसर रंग आता नावापुरताच उरला आहे. पुढच्या पत्र्यावर दोन ठिकाणी पोचे आहेत आणि सीटचे आवरण मी स्वतःच दोनदा शिवून घेतले आहे. ‘फादर, हिला आता निवृत्त करा,’ असे धर्मग्रामातील मंडळी मला अधूनमधून सुचवतात. मी हसून विषय बदलतो. ही गाडी मी का ठेवली आहे, हे आजवर कुणाला नीटसे सांगितलेले नाही. आज ते सांगावे म्हणून लिहावयास बसलो आहे.

ही स्कूटर माझ्या वडिलांची. ते वसईतील एका प्राथमिक शाळेत शिक्षक होते. चेतकसाठी नाव नोंदवल्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, म्हणजे १९८४ साली, ती आमच्या अंगणात आली. त्या काळी एवढे थांबणे कुणाला नवलाचे वाटत नसे. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करणाऱ्या या गाडीचे कूळ मात्र इटलीचे. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ साली कोर्रादिनो दास्कानियो या विमानविद्येच्या अभियंत्याने पियाज्जिओ कंपनीसाठी व्हेस्पा घडवली. पुढे बजाजने परवान्याखाली ती येथे बनवली आणि तो करार संपल्यावर १९७२ साली त्याच वळणाची चेतक बाजारात आणली. वडिलांना हा इतिहास ठाऊक नव्हता. त्यांना एवढेच ठाऊक होते, की ही गाडी नुसत्या पेट्रोलवर चालत नाही.

पंपावर पेट्रोल भरण्याचा त्यांचा एक विधीच असे. टाकीचे झाकण उघडावयाचे, पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे वीस मिलिलिटर टू-टी ऑइल मापाने ओतून घ्यावयाचे, झाकण लावावयाचे आणि मग दोन्ही हातांनी गाडी धरून ती डावी-उजवीकडे चांगली हलवावयाची. मागे रांगेत उभी असलेली माणसे हसत. वडील शांतपणे म्हणत, ‘तेल जड असते. हलवले नाही तर ते तळाशी बसते आणि पहिल्यांदा तेच नळीत उतरते.’ मला त्या वेळी या हलवण्याची लाज वाटे. पंधरा वर्षांच्या मुलाला वडिलांच्या पुष्कळ शहाणपणाची लाज वाटत असते.

टू-स्ट्रोक इंजिनाला हे तेल का लागते, हे तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगावयास हवे, कारण आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक स्कूटर फोर-स्ट्रोक किंवा विजेवरच्या आहेत. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी तेलाचा साठा असतो. तेच तेल पुन्हा पुन्हा फिरून सर्व भागांना न्हाऊ घालते आणि काही हजार किलोमीटरनंतर बदलले जाते. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खालची पोकळी, जिला क्रँककेस म्हणतात, ती पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत ओढून वर ढकलण्याच्या कामी गुंतलेली असते. तेथे तेल साठवून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळून पाठवतात. आत गेल्यावर पेट्रोलची वाफ होते आणि तेलाचे सूक्ष्म थेंब क्रँकच्या बेअरिंगवर, पिस्टनच्या अंगावर, सिलिंडरच्या भिंतीवर बसत जातात. त्यांचा एक अतिशय पातळ थर धातूला धातूपासून अलग ठेवतो. क्षणभर ही सेवा करून ते तेल उरल्या मिश्रणाबरोबर वर जाते, जळते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर होऊन बाहेर पडते. गिअरसाठी अडीचशे मिलिलिटर तेल निराळे असते, पण ते पिस्टनपर्यंत पोहोचत नाही. पिस्टनला मिळते ते फक्त पेट्रोलबरोबर येणारे, एकदाच वापरले जाणारे तेल. एकदा गेलेले तेल परत येत नाही. दर क्षणी नवे पोहोचावे लागते.

वडील २००३ साली देवाघरी गेले आणि स्कूटर माझ्याकडे आली. पुढे २००९ मध्ये माझी बदली जव्हारच्या बाजूला डोंगराळ भागातील एका मिशन केंद्रात झाली. तेथील पाडे एकमेकांपासून दूर, रस्ते चढ-उताराचे. मागे धर्मशिक्षक बसलेले, पुढे औषधांची पिशवी, अशा स्थितीत बिचारी गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकी. कधी कधी धर्मशिक्षकांना उतरून चालावे लागे. ते वयाने माझ्याहून मोठे होते. त्यांना चढ चढताना पाहून मला फार ओशाळल्यासारखे होई.

आमच्या गावचा एक तरुण मेकॅनिक होता. त्याचा बाप्तिस्मा मी दिलेला नव्हता, पण प्रथम ख्रिस्तशरीरासाठी त्याची तयारी मी, तेव्हाचा सेमिनरीतला विद्यार्थी, करून घेतली होती. जुन्या स्कूटरना नवा जोर देण्याचे त्याला वेड होते. एका सुट्टीत मी माझी अडचण त्याला सांगितली. तो म्हणाला, ‘फादर, गाडी माझ्याकडे सोडा.’

पंधरा दिवसांनी त्याने मला जी गाडी दिली ती दिसावयास तीच होती, परंतु आतून पार बदललेली होती. मूळ सिलिंडरचा व्यास सत्तावन्न मिलिमीटर, पिस्टनची धावही तेवढीच. त्यातून १४५.४५ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. त्याने त्रेसष्ट मिलिमीटर व्यासाचा दुसरा सिलिंडर बसवला होता. तेवढ्याने इंजिन १७७ घनसेंटिमीटरचे झाले. कार्बुरेटर मोठा, पोर्ट रुंद केलेले, सायलेन्सरही निराळ्या घडणीचा. मूळ सिलिंडर त्याने ग्रीस लावून, कापडात गुंडाळून माझ्या हाती दिला आणि म्हणाला, ‘हा जपून ठेवा.’ गाडीचा आवाज मात्र बदलला होता. डोंगरात तो दोन-दोन किलोमीटरवरून ऐकू येई आणि पाड्यांतील मुले तो ओळखून रस्त्यावर धावत येत.

गाडी देताना त्याने मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, आता लिटरला वीस मिलिलिटर पुरणार नाही, तीस टाका. इंजिन अधिक वेगाने फिरते, अधिक तापते, म्हणून थराला बळ हवे. दुसरी, तीसच टाका, कारण कार्बुरेटरचा जेट मी त्या हिशेबाने बसवला आहे. तिसरी, लांब उतारावर अ‍ॅक्सिलेटर बंद ठेवून गिअरमध्ये गाडी सोडू नका. मी मान हलवली. कबुलीजबाब ऐकणाऱ्या माणसाने ऐकण्याच्या कलेत तरबेज असावे अशी लोकांची समजूत असते. माझा अनुभव असा, की इतरांचे दुःख ऐकावयास शिकलेला माणूस इतरांचे ज्ञान ऐकावयास शिकलेला असतोच असे नाही.

पहिले काही महिने मी तीस मिलिलिटरच टाकले. पुढे मला वाटू लागले, की एवढे राबणाऱ्या यंत्राला थोडे अधिक दिले तर काय बिघडणार? वंगण जास्त झाल्याने कुणाचे नुकसान झाल्याचे मी ऐकले नव्हते. तीसचे चाळीस झाले, चाळीसचे साठ. धूर वाढला. प्लग वारंवार काळा होऊ लागला. मी तो घासून पुन्हा बसवी आणि मनाशी म्हणे, की धूर आहे म्हणजे तेल भरपूर आहे. माझ्या दृष्टीने ती यंत्रावरची माया होती.

२०११ च्या डिसेंबरातील गोष्ट. संध्याकाळी प्रार्थना आटोपून बसलो असता निरोप आला, की घाटाखालच्या एका पाड्यावरील आजी अत्यवस्थ आहेत आणि त्या माझी वाट पाहत आहेत. मी आजाऱ्यांच्या पवित्र तेलाची लहानशी कुपी खिशात टाकली आणि निघालो. घाटमाथ्यापर्यंतचा चढ मी पूर्ण अ‍ॅक्सिलेटर देऊन, मिळेल तेवढ्या वेगाने चढलो. माथ्यावर पोहोचताच अ‍ॅक्सिलेटर सोडला आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी उतारावर घातली. इंजिनाच्या अडवण्याने वेग आवरतो, ब्रेक तापत नाहीत आणि पेट्रोलही वाचते, असा माझा हिशेब होता. अर्ध्याअधिक वळणांपर्यंत सारे ठीक होते. मग एक कर्कश कुई झाली, मागचे चाक जागच्या जागी थिजले आणि गाडी घसरत दरीच्या बाजूला निघाली. कसा कोण जाणे, डाव्या हाताने क्लच दाबला गेला. चाक मोकळे झाले. गाडी घरंगळत पुढे जाऊन कठड्याच्या दगडाला लागून थांबली. इंजिन जाम झाले होते. किकवर पाय ठेवला तर ती जागची हलेना.

घाटात त्या वेळी एकही वाहन नव्हते. मी गाडी तशीच टाकून अंधारात चालू लागलो. पाड्यावर पोहोचावयास तासाहून अधिक वेळ लागला. झोपडीबाहेर माणसे जमली होती आणि कुणी बोलत नव्हते. आजी अर्ध्या तासापूर्वी गेल्या होत्या. तैलाभ्यंगाचा संस्कार जिवंत माणसाला देतात, मृताला नव्हे. मी त्यांच्या उशाशी गुडघे टेकून मृतांसाठीची प्रार्थना म्हटली. कुपी खिशातच राहिली.

निघताना त्यांचा मुलगा माझ्याबरोबर काही पावले आला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो सहज सांगावे तसे म्हणाला, ‘फादर, आईने तुमच्या गाडीचा आवाज ओळखला होता. वर घाटात आवाज आला तेव्हा तिने डोळे उघडले. म्हणाली, आले. मग आवाज थांबला. ती बराच वेळ कान देऊन होती.’

त्या रात्री मला झोप आली नाही. मनुष्याला अपराध सहन होत नाही तेव्हा तो प्रथम दुसरा अपराधी शोधतो. मीही तेच केले. सकाळी मी त्या तरुणाला फोन केला आणि आजवर कधी कुणाला बोललो नसेन असे शब्द त्याला बोललो. तुझ्या प्रयोगापायी एक माणूस संस्कारावाचून गेले, असेही म्हणालो. तो काही वेळ गप्प होता. मग एवढेच म्हणाला, ‘फादर, मी येतो.’

सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर कापून तो दुपारी आला. टेम्पोतून आणलेली गाडी आम्ही पडवीत उतरवून घेतली होती. त्याने सिलिंडर उतरवला, पिस्टन हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि मलाही दाखवला. एक्झॉस्टच्या बाजूला उभे, चकाकणारे ओरखडे होते. पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम वितळल्यासारखे होऊन बिडाच्या भिंतीला पुसले गेले होते. दोन्ही रिंग खाचेत कोळशासारख्या काजळीने घट्ट बसल्या होत्या. एक्झॉस्टचे पोर्ट त्याच काजळीने निम्मे बुजले होते. त्याने विचारले, ‘फादर, ऑइल किती टाकत होतात?’

‘तू सांगितलेस त्याच्या दुप्पट,’ मी काहीशा अभिमानानेच म्हणालो.

त्याने पिस्टन हलकेच फडक्यावर ठेवला. मग एखाद्या लहान मुलाला समजवावे तशा धीराने तो मला समजावू लागला. जेटच्या छिद्रातून ठरावीक द्रव जातो. त्यात तेलाचा वाटा वाढला, की तेवढाच पेट्रोलचा वाटा कमी होतो, आणि घट्ट झालेले मिश्रण वाहतेही सावकाश. हवा मात्र तेवढीच येते. म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली. अशा मिश्रणावर इंजिन अधिक तापते. तेल वाढवले म्हणून इंजिन थंड राहील हे जसे वाटते तसे नसते. शिवाय जास्तीचे तेल पुरते जळत नाही. त्याची काजळी रिंग अडकवते, आणि अडकलेली रिंग पिस्टनची उष्णता भिंतीकडे पोहोचवू शकत नाही. अ‍ॅल्युमिनियम हे बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तापलेला पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमधली मोकळीक संपते.

‘आणि उतारावर?’ त्याने विचारले. मी गप्प राहिलो. माझ्या गप्प राहण्यातच त्याला उत्तर मिळाले. अ‍ॅक्सिलेटर बंद केला, की पेट्रोल बंद होते आणि पेट्रोलबरोबर तेलही. आयडलिंगपुरता काय तो एक थेंब जातो. चाक मात्र उताराच्या जोरावर इंजिनाला वेगाने फिरवीत राहते. चढावर लालबुंद झालेले इंजिन, अडकलेल्या रिंग, आणि नेमक्या त्याच वेळी कोरडे फिरणे. जाम झाले नसते तरच नवल.

‘मी सांगितले होते’ हे तीन शब्द उच्चारण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. त्याने ते उच्चारले नाहीत. तो हात पुसत उठला आणि म्हणाला, ‘जुना सिलिंडर ठेवला आहे ना, फादर?’

मी त्याची क्षमा मागितली. ती मागताना शब्द सापडावयास मला बराच वेळ लागला. रोज इतरांच्या क्षमायाचना ऐकणाऱ्यास आपली स्वतःची करताना जीभ किती कोरडी पडते हे मला त्या दिवशी कळले.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचले. उतारावर कोरडे पडण्याचे हे दुखणे जुने आणि सर्वज्ञात आहे. स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या टू-स्ट्रोक मोटारींत मुद्दाम अशी योजना केली होती, की चालकाने अ‍ॅक्सिलेटर सोडला तर चाके इंजिनाला फिरवीत नसत, ते आपले सावकाश आयडलिंगवर राही. यामाहाने १९६४ मध्ये निराळी वाट काढली. तेलाची टाकी वेगळी आणि ते पुरवणारा पंप इंजिनाच्या वेगावर व अ‍ॅक्सिलेटरवर चालणारा. एके काळी शर्यतीच्या गाड्यांत एरंडेल वापरीत. लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेले तेच एरंडेल! कढत धातूला ते विलक्षण चिकटून राहते, पण मागे डिंकासारखा थर ठेवते. आजच्या तेलांच्या डब्यावर जासो एफसी किंवा एफडी अशी खूण असते. हवेने थंड होणाऱ्या स्कूटरला ती तेले योग्य. बोटीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे तेल मात्र स्कूटरला चालत नाही. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यानेही जुन्या इंजिनाचे मिश्रण विरळ होते आणि जेट पुन्हा तपासावा लागतो. इथेनॉल पाणी शोषते, म्हणून मिसळलेले पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नये.

त्या तरुणाने मूळ सिलिंडर, मूळ कार्बुरेटर आणि मूळ सायलेन्सर पुन्हा बसवला. त्यामागे आणखी एक कारण होते, जे मला आधीच सुचावयास हवे होते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात परस्पर करता येत नाही, आणि इंजिनाची घनक्षमता त्या पत्रात लिहिलेली असते. वेदीवरून नियमपालनाविषयी बोलणाऱ्या माझ्या लक्षात हे दोन वर्षे आले नव्हते. चढावर धर्मशिक्षकांना मी पुन्हा उतरावयास लावू लागलो. फरक इतकाच, की आता मीही उतरत असे आणि आम्ही दोघे मिळून गाडी हाती धरून चढत असू. त्या चालण्यात त्यांनी मला पाड्यांविषयी जे सांगितले ते स्कूटरवर मागे बसून त्यांना कधी सांगता आले नव्हते.

आजींच्या बाबतीत मी पुष्कळ विचार केला आहे. परमेश्वराची कृपा माझ्या स्कूटरवर अवलंबून नाही, हे मला ईशज्ञानाच्या वर्गात शिकवले होते आणि मी ते मानतो. तरीही तेवढ्याने माझी सुटका होत नाही. त्या बाईने कान देऊन ठेवला होता, आणि एका माणसाने सांगितलेले मी कान देऊन ऐकले नव्हते. ज्याला मी माया म्हणत होतो ते खरे तर न ऐकणे होते. तीस सांगितले असता साठ टाकणारा मनुष्य उदार दिसतो, पण तो यंत्राला नव्हे, स्वतःच्या समजुतीला तेल घालीत असतो. माझ्या धर्मगुरुपदाच्या वर्षांत मी आणखी कुठे कुठे असे साठ मिलिलिटर ओतले असतील, कोणत्या घरांत, कोणत्या तरुणांच्या आयुष्यांत, याचा हिशेब मी अजून पुरता केलेला नाही.

आता मी वसईच्या सपाटीवर आहे. तो तरुण आज दोन मुलांचा बाप आहे आणि गाडीची देखभाल अजून तोच करतो. पेट्रोल भरले, की मी लिटरला वीस मिलिलिटर मापाने टाकतो आणि वडिलांसारखा गाडी धरून डावी-उजवीकडे हलवतो. मागची माणसे हसतात.

गेल्या वर्षी त्या पाड्यावर एका लग्नासाठी गेलो होतो. घाट उतरताना दर वळणावर क्लच दाबून मी थोडा अ‍ॅक्सिलेटर देत होतो. मागे बसलेल्या तरुण सहकाऱ्याने विचारले, ‘फादर, उतारावर हे कशासाठी?’ मी म्हणालो, ‘तेल पोहोचावे म्हणून.’ ते खरेच होते. पण त्याबरोबर, खाली कुणी कान देऊन बसले असेल तर आवाज मध्येच थांबू नये, हेही माझ्या मनात होते.